किनारीचा लाल दोरा

काकांची मुलगी मंजू फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, बाबा गेले." घरभर गोष्टी सांगत फिरणारा मी, आणि माझ्या तोंडून निघालं, "सकाळचा चहा घेतला होता का त्यांनी?" ... तीन आठवडे झाले, अजून लाज वाटते.

बापूकाका आणि माझे बाबा, दोघे भाऊ इंदूरच्या एकाच गिरणीत. काका कापड तपासायचे. दोष दिसला की किनारीला लाल दोरा बांधायचे, म्हणजे पुढच्याला शोधत बसावं लागू नये. गिरणीला टाळं लागलं आणि वर्षाच्या आत बाबा गेले. पाठ दुखायची, लघवीला त्रास व्हायचा. आम्ही सगळे म्हणायचो, टेन्शन आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर कळला तेव्हा तो हाडांत पोचला होता. तरी काका म्हणत राहिले, "दादाला गिरणीनं खाल्लं." आणि मी तर प्रत्येक लग्नात पंगत उठली की हाच किस्सा रंगवायचो, टाळं लागल्याचा आवाजसुद्धा काढून दाखवायचो.

गेल्या वर्षी काकांनाही तोच आजार निघाला. रक्ताची जनुकीय तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, जनुकातला हा बदल जन्मापासूनचा, घराण्यातून आलेला. तो असला की कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका वाढतो. भावालाही बहुधा असावा. तेव्हा मुलीनं आणि पुतण्यानं तपासून घ्यावं. पुतण्यात निघाला तर त्याच्या मुलीनंही, कारण बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका असतो.

तीस वर्षं काकांनी ज्या गिरणीवर राग धरला, तो आता कुठे ठेवायचा? मग म्हणाले, "आडव्या धाग्याची चूक एका जागी राहते रे. उभ्याची थानभर, अख्ख्या ताग्यात जाते." आणि माझ्याकडे बघून, अस्सल इंदुरी सुरात, "तुझा किस्सा बदलावा लागेल, भिया."

मंजूनं दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. मी मात्र कधी ऑडिट, कधी पितृपक्ष पुढे करत राहिलो. शेवटच्या भेटीत काकांनी उशीखालून रीळ काढलं आणि माझ्या शर्टाच्या काजात लाल दोरा बांधला. "रिपोर्ट आला की सोड. त्याच्या आधी नाही."

परवा तोच शर्ट घालून गेलो. रक्त घेणारी म्हणाली, "अंकलजी, धागा लटक रहा है, काट दूँ?"

"रहने दो, बेटा." मी बाही वर केली.

रिपोर्ट यायचाय. शर्ट खुंटीला आहे. माझी मुलगी जाता-येता त्या दोऱ्याकडे बघते.