भोंगा, आहेर आणि बुलढाण्याची तारीख

उकंडरावाच्या भोंग्याशिवाय लग्न लागलं, तर ते लग्न होतं की बारसं, असा त्या भागातल्या लोकांना संशय यायचा. रोहिणखेडच्या अलीकडे त्याचं गाव. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा शेत थोरल्याने ठेवलं. ह्याने आपल्या हिश्शाचे पैसे घेतले आणि अकोल्याहून ग्रामोफोन, आवाज मोठा करणारं मशीन, दोन बॅटऱ्या आणि हा एवढा मोठा भोंगा बैलगाडीत घालून आणला. कमी पडले ते पैसे मोताळ्याच्या रंगराव सावकाराने दिले. दर दोन महिन्यांनी एक हप्ता, आणि तीन हप्ते थकले की सगळं सामान रंगरावाचं, असं चिठ्ठीत लिहिलेलं. खाली उकंडरावाची तिसरीपर्यंत शिकलेली सही.

माणूस अंगाने काडी, पण आवाज असा की मांडवात त्याने आहेर पुकारला, म्हणजे सव्वा रुपयावाल्याचीही छाती फुगायची.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. त्या वैशाखात रंगरावाच्या मुलीचं लग्न निघालं. रंगराव म्हणाला, "काय बे उकंड्या, तीन दिवस भोंगा लाव मांडवात. तुहे दोन हप्ते वळते करून घेतो."

लिहून देता का, असं उकंडरावाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण लेकीचा मांडव घालणाऱ्या बापाकडे लेखी कोण मागतो? त्याने तीन दिवस भोंगा वाजवला, आहेर पुकारले आणि घसा बसवून घरी आला. पुढे पावसाळ्यात लग्नंच नव्हती, त्यामुळे तेव्हाचा हप्ता मात्र खराखुरा थकला.

दिवाळीच्या तोंडावर कोर्टाचा बेलीफ सायकल ढकलत गावात शिरला. आता उकंडरावाची अशी पक्की समजूत, की कोर्टाच्या कागदाला हात लावला म्हणजे गुन्हा कबूल. तो मागच्या दाराने निघाला आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर चढून बसला.

बेलीफाने दारातल्या झुंबरबाईला विचारलं, "उकंडराव कुठे आहेत?"

"गंजीवर हायेत," बायकोने सांगून टाकलं, आणि वर पाहून हाक मारली, "काहो, उतरा ना खाली! पाहुणे कवाचे उभे हायेत!"

डोक्यात कडबा घेऊन उकंडराव उतरला आणि त्याने कागद घेतला. रंगरावाने तीन हप्ते थकले म्हणून दावा लावला होता. पैसे नाहीतर सामान, असं त्याचं मागणं. इकडे माघातली सहा लग्नं ठरलेली, दोन लग्नांची तर सुपारीही घेतलेली. भोंगा गेला म्हणजे घरातली चूल गेली.

"लपून काय होते?" झुंबरबाई म्हणाली. "मास्तराकडे चला."

नीळकंठ मास्तर गावातल्या सगळ्यांचे अर्ज लिहीत. उकंडरावाने बसल्या बसल्या सांगून टाकलं, "लिवा मास्तर, सगळं खोटं हाय. कर्ज घेतलंच नाई."

"चिठ्ठीवर सही कोणाची?"

"माहीच."

"मग?"

"मग लिवा, तापात केली."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "उकंडराव, एक खोटं सापडलं की तुमच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. कर्ज घेतलं, ते कबूल लिहू. पावसाळ्याचा हप्ता राहिला, तेही कबूल. दोन हप्ते लग्नात फिटले, म्हणून तीन थकले हे नाकबूल. उरलेलं थोडं थोडं फेडतो, असंही लिहू. आणि तारखेला जायचं. नाही गेलात तर एकतर्फी निकाल होईल."

"आन् गेलो तर?"

"गेलात तर तुमचं ऐकावं तरी लागेल."

तसा जबाब बुलढाण्याला दाखल झाला. पौषातली तारीख पडली. शिदोरी बांधून नवरा-बायको एसटीने राजूर घाट चढून गेले. कोर्टात नाव पुकारलं आणि तीन गावांच्या शिवांपलीकडे जाणारा उकंडरावाचा आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला.

"मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले. "भोंगेवाले ना तुम्ही?"

मागे बसलेले मोताळ्याचे लोक हसले. मग रंगरावाची पाळी आली. त्याने शांतपणे सांगितलं, "साहेब, भोंगा लावला हे खरं हाय. पण तो उकंडरावानं केलेला आहेर होता. पिरमानं केला. त्याचा हप्त्याशी काय संबंध?"

कबूल करून वर असं नाकारायचं, हे उकंडरावाच्या ध्यानीमनी नव्हतं. आहेर ठरला की तीन हप्ते थकलेच. त्याला आपला भोंगा रंगरावाच्या ओसरीत पडलेला दिसायला लागला.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

आहेर म्हटल्यावर मात्र तो त्याच्या कामाचा विषय निघाला, आणि घसा आपोआप मोकळा झाला. "साहेब, त्या मांडवात आहेर मीच पुकारला. ज्यानं सव्वा रुपया देला त्यालेही रंगरावांनी परतीची टोपी देली, ते बी मीच पुकारलं. एकशे बारा टोप्या झाल्या. माह्यं नाव त्यात नाई. आहेर केला असता तर मी बोडका काऊन आलो असतो?"

आहेर करणाऱ्याला बोडकं पाठवणं म्हणजे वऱ्हाडात घराण्याला बट्टा. न्यायाधीशही बहुधा अलीकडेच कुठला तरी मांडव पाहून आलेले असावेत. त्यांनी विचारलं, "काय रंगराव, ह्यांना टोपी दिली होती?"

रंगरावाने मागे बसलेल्या मोताळेकरांकडे पाहिलं आणि त्याचा पारा चढला. "माह्या मांडवातून आहेरवाला बोडका गेला, असं कोणी म्हणून दाखवावं! हा तं कामाचा माणूस. त्याले कायची टोपी?"

त्याच्या वकिलाने डोळे मिटले.

"मग कामाची मजुरी दिली?"

"वळती केली होती ना," रंगराव बोलून गेला.

"कशात?"

रंगराव वकिलाकडे पाहत राहिला. वकील पंख्याकडे.

निकाल दुपारून झाला. दोन हप्ते फिटले, पावसाळ्याचा एक बाकी. तो आणि पुढचे मिळून आता दरमहा थोडे थोडे भरायचे, सामानाला कोणी हात लावायचा नाही.

बाहेर लिंबाखाली येऊन उकंडराव मटकन बसला आणि डोळे पुसायला लागला.

"आता काऊन रडून राह्यले?" झुंबरबाई म्हणाली. "भोंगा वाचला ना?"

"वाचला व. म्हणूनच तं. भाकर काढ."

आपल्या तीन भाकरी त्याने खाल्ल्या, मग तिच्या वाट्यातली एक. परतीच्या गाडीत घाट लागायच्या आधीच तो झोपला. तिकीट मोताळ्यापर्यंतचंच होतं; मोताळा आल्यावर कंडक्टरने दोनदा हाका मारल्या, घंटीही वाजवली.

झुंबरबाईने कनवटीची नाणी काढली. "पुढच्या फाट्यापावतर दोन तिकिटं द्या भाऊ. झोपू द्या त्याइले. दिवाळीपासून डोळ्याले डोळा नाई. आम्ही येऊ मांगं चालत."