सांध्यांना मारलेलं पाणी

माझे सासरे बाथरूममध्ये घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. हाड जुळलं, वॉकर आला, पण त्या गुळगुळीत लादीवर त्यांना एकटं सोडायची कोणाची छाती होईना. मग रोज सकाळी माझा नवरा त्यांना आमच्या बेडरूमच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवून अंघोळ घालायचा. मिठागरात उभं आयुष्य काढलेला माणूस, पण तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचा, चकार शब्द नाही. मला ते बघवायचं नाही.

म्हणून आम्ही बाहेरची बाथरूम उखडली. खरखरीत लाद्या घातल्या, भिंतीला धरायला दांडा लावला. बुधवारी लाद्यांमधले सांधे भरून झाल्यावर मिस्त्रींनी बजावलं, "ताई, शनिवारपर्यंत आत पाण्याचा थेंब नको. सांधे सुकू द्या."

बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते. "शनवारी मी एकटाच जानार," त्यांनी जाहीर केलं. "आनि दार लावून."

गुरुवारी बाबांना भलतीच तहान लागायला लागली. दर तासाला बाटली भरून मागायचे. ती पिशवीत घालून वॉकरला अडकवायचे आणि घरभर फेऱ्या मारायचे. मी खूश! म्हटलं, चला, चालायला तरी लागले.

शुक्रवारी मिस्त्री नळ बसवायला आले. सांध्यावरून बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी. "पाणी कोणी टाकलं?" आता माझं डोकं फिरलं. कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी! तुमचाच माल हलका असेल, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं. मिस्त्रीही काही कमी नव्हते. आमची चांगली जुंपली.

"मी मारलाय पानी," सोफ्यावरून आवाज आला. अगदी ऐटीत. "सिमिट हाय ना? मंग पानी नको? गावचा घर बांधला तवा एकवीस दिस दोन टाइम पानी मारला मी. अजून एक तडा नाय."

मिस्त्री कपाळाला हात लावून मटकन खालीच बसले, आणि हसायलाच लागले. "बाबा, ते स्लॅबला! प्लास्टरला! हा सांध्यांत भरायचा मसाला, याला ओला केला की तो धुपतो." मग म्हणाले, सगळे सांधे खरवडून परत भरावे लागतील. म्हणजे आणखी तीन दिवस.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "मंजे तीन दिस परत पोराच्याच हातून अंघोल?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मघाशी तावातावाने भांडणारे मिस्त्री चहालासुद्धा न थांबता कामाला लागले, आणि मी त्यांना मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

पुढचे तीन दिवस बाबांनी बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून जो पहारा दिला, त्याला तोड नाही. मी ओली फरशी पुसत तिकडे सरकले तरी, "ए, लांबून! तिकरं पानी नको!" जेवण तिथेच, पेपर तिथेच. मिस्त्रींना फोन लावून रोज विचारायचे, "सुकला का?" आता ते फोनवरून काय सांगणार, कप्पाळ!

सोमवारी सकाळी मिस्त्री स्वतः आले, बोट फिरवून बघितलं, कोरडं. बाबा उठले. सवयीने माझा नवरा टॉवेल घेऊन मागे निघाला. बाबांनी त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला, आत गेले आणि कडी लावली.

आम्ही तिघं बाहेर उभे. आत पाण्याचा आवाज, मग मध्येच शांत. माझा जीव टांगणीला. "बाबा, ठीक ना?" नवरा दोनदा म्हणाला. "जावा रे कामाला!" आतून उत्तर. अर्धा तास लावला गृहस्थाने.

दारापर्यंत दांडा धरत बाहेर आले, शर्ट घालून, लालबुंद. चेहऱ्यावर असा आनंद की मला रडूच आलं. कानामागे साबणाचा फेस तसाच राहिला होता. पुसायला नवऱ्याचा हात उठला, तो मी धरला.