शेषेरावाची पहिली शोकसभा

शेषेराव दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तो माझ्या हातून. स्टँपाच्या कागदावर, सुवाच्य उर्दूत, मीच त्याला मारला.

मी रेणुकादास. उमरीच्या ठाण्यासमोर लिंबाखाली सतरंजी टाकून बसणारा अर्जीनवीस. निजाम सरकारला उर्दूशिवाय कळत नव्हतं आणि लोकांना उर्दू येत नव्हती, त्यामुळे मधल्यामध्ये माझं पोट भरत होतं. अर्ज लिहिण्याची सनद नांदेडच्या कचेरीनं दिलेली. ती गेली तर घरातली सात तोंडं उघडी पडणार, ही धास्ती मला रोज असायची. मी मुळात भित्रा, आणि भित्रेपणा लपवायचा म्हणून सगळ्यांवर खेकसणारा.

शेषेराव माझ्या नेमका उलटा. पहिल्या महायुद्धात निजामाच्या घोडेस्वार रिसाल्याबरोबर सुवेझच्या कालव्यावर गेलेला हा आमच्या गावचा कुणबी. परत आला तो डावा कान तोफेच्या आवाजाला देऊन. पुढे लोकल फंड कमिटीवर नेमला गेला आणि नऊ वर्षं मेंबर राहिला. तेव्हा मेंबराचं काम म्हणजे साहेब आला की हार घालायचा आणि तो गेला की त्याचे गोडवे गायचे. हा मात्र कमिटीत उभा राहून बोलायचा, आणि एकदा उभा राहिला की काम होईपर्यंत खाली बसत नसे. साहेब वैतागून सही करत. पटकीच्या साथीत यानं बैलगाडीतून मुडदे वाहिले, जात न विचारता. महारवाड्यात पक्का आड बांधून घेतला आणि पहिली घागर स्वतः ओढून तिथंच ओंजळीनं प्याला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला ओट्याच्या आत घेतलं नाही. मीही घेतलं नाही, हे सांगून टाकतो. तो ओट्यावर बसायचा, मी उंबऱ्यात, आणि दोस्ती तशीच चालायची.

फसली तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी सदतीस सालच्या, थंडीत त्याला छातीचा ताप भरला. गुंडप्पा वैद्यानं नाडी पाहिली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "चार दिवस. जास्त न्हाई."

आता ऐका, मी असं का केलं. त्या काळी गश्ती निशाण त्रेपन्न, म्हणजे निजामाचं त्रेपन्न नंबरचं परिपत्रक, लागू होती. सभा भरवायची तर दहा दिवस आधी अर्ज करायचा. कोण बोलणार, कशावर बोलणार, सगळं लिहून द्यायचं. शोकसभेलाही तेच. माणूस दहा दिवस आधी कळवून मरत नाही, हे सरकारच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आमचे भीमाशंकर मास्तर गेले तेव्हा मी रीतसर दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. परवानगी आली पाच महिन्यांनी. सभेला मी, एक शिपाई आणि पारावरची दोन कुत्री. ती लाज माझ्या मनात सलत होती. शेषेरावाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून मी त्याच रात्री कागद ओढला आणि लिहिलं: मरहूम शेषेराव, सोमवारी इंतकाल पावले. म्हणजे कैलासवासी शेषेराव सोमवारी वारले. सोमवार अजून दोन दिवसांवर होता, पण कचेरीत कुणी कागद उघडेपर्यंत तो उलटणार, हा माझा हिशोब. खाली सही केली आणि सकाळच्या गाडीनं अर्ज नांदेडला धाडला.

मंगळवारी शेषेरावाला घाम फुटून ताप उतरला.

मला वाटलं, कागद कचेरीत कुजेल, नेहमीसारखा. पण मेल्या कचेरीला नेमकी त्याच वेळी घाई झाली. आठव्या दिवशी परवानगी आली, आणि चपराशी ती घेऊन गेला ती मरहुमाच्या घरी. शेषेराव उन्हात बसून कण्या खात होता. चपराशानं त्याला मयताचा कुणी नातेवाईक समजून कागद हातात दिला. उर्दू त्याला रिसाल्यात असल्यापासून वाचता येत होती. काठी टेकत तो माझ्या लिंबाखाली आला आणि कागद सतरंजीवर ठेवला.

"पंत, मी कधी मेलो?"

मी कागद सतरंजीखाली सारायला गेलो.

"सोमवारी मेलो म्हून लिवलंय. सोमवारी वैद्यानं मला काढा पाजला की."

मी सगळ्या लोकांसमोर रडायला लागलो. तो चिडेल, काठी घालेल, असं वाटलं होतं. तो उकिडवा बसला.

"रडून काय राहिले? जिता हाय मी."

"तुम्ही जिवंत आहात म्हणूनच रडतोय," मी म्हणालो आणि जीभ चावली. सरकारला खोटं लिहून दिलं, सनद जाणार, वर तुरुंग, हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं कागद उचलून पुन्हा वाचला.

"मंग सभा घ्या. ठाण्याचा नवा अमीन बिदरहून आलाय, त्यानं मला पाहिलेलं न्हाई. सभा होस्तोवर मी मेलेलाच. शिपायाचा शब्द हाय."

गावाला विश्वासात घ्यावं लागलं. सगळे तयार झाले. अर्धे माझ्यासाठी, अर्धे गंमत म्हणून. फक्त त्याची बायको साखराबाई भडकली. "सभा घ्या न्हाईतर जत्रा भरवा, पंत. माझं कुंकू मी पुसणार न्हाई!" असं बजावून ती भावाकडे भोकरला निघून गेली. तिचं काही चुकलं नाही.

सभा मारुतीच्या पारावर, दुपारी चारला. अमीन खुर्चीवर, हातात वक्त्यांची यादी. शेषेरावानं घरात बसायचं ठरलं होतं, पण तिथून त्याच्या उजव्या कानालाही काही पोचेना. मी बोलायला उभा राहिलो आणि पाहतो तर तिसऱ्या ओळीत घोंगडं पांघरून बसलेला!

पण बोललो. काय झालं कोण जाणे, खरंच बोललो. मुडद्यांची गाडी सांगितली, आड सांगितला, आणि त्या आडाच्या पाण्यासाठी आम्ही शहाण्यांनी या माणसाला ओट्यावर ठेवलं, हेही सांगितलं. माणूस समोर जिवंत बसलेला, आणि मी त्याच्या मरणावर हुंदके देत होतो. घोंगडं जरासुद्धा हललं नाही.

सभा आटोपतच आली होती. अमीननं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मागून टाहो आला.

पलीकडच्या वाडीची केवळाबाई. विधवा. चार कोस चालत आली होती. वाड्यांवर कुणी खरं कळवलंच नव्हतं. गावभर सांगत फिरलो आम्ही, आणि वेशीबाहेर माणसं राहतात हे एकालाही आठवलं नाही!

"मेंबरसाहेब, आता माझं कोण वो!" ती पाराशी बसून कपाळ बडवू लागली. "दिरानं शेत दाबलं. वाटणीचे दगड रोवले तवा पाच पंच हुते. चार गेले. तुमी एकले उरला हुता. उद्या नांदेडात तारीख हाय अन् तुमी असे गेला. आता काय बोलू कोर्टात? दीर म्हनतो, मेंबर मेला, आता दे अंगठा. देते बाबा. उद्या अंगठा देते अन् लेकरं घिऊन जाते कुठंबी."

माझ्या एका शब्दानं, एका 'मरहूम'नं, या बाईचं शेत चाललं होतं. मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. मला फक्त माझी सनद दिसत होती. आणि आताही, तिचा टाहो ऐकतानाही, मी मनातल्या मनात मारुतीला विनवत होतो की शेषेराव उठू नये. उद्या कोर्टात गुपचूप जाईल, काहीतरी करू, पण आत्ता, अमीनसमोर, उठू नये.

घोंगडं खाली पडलं.

तो उभा राहिला. आधी माझ्याकडे वळला. "पंत, शब्द मोडला. माफ करा." मग केवळाबाईला म्हणाला, "अंगठा देऊ नको, बाई. मी पाहिलंय. उद्या सांगतो."

अमीन खुर्चीतून ताडकन उठला. "ये कौन है?"

शेषेरावानं टाचा जुळवून सलाम ठोकला. "मरहूम शेषेराव. हाजिर हाय, हुजूर."

कुणी हसलं नाही.

माझी सनद गेली. अकरा दिवस कोठडीत काढले. त्याची मेंबरकीही काढून घेतली, पण त्याआधी दुसऱ्या दिवशी तो नांदेडला जाऊन साक्ष देऊन आला आणि केवळाबाईचं शेत राहिलं. मी मुलांच्या शिकवण्या धरल्या. वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. तो रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचा आणि दार उघडलं नाही की निघून जायचा. कोठडीतल्या अकरा दिवसांचा राग मी त्याच्यावर काढत होतो, आणि तो मुकाट्यानं सोसत होता. शेवटी एका संध्याकाळी मीच दार उघडलं आणि म्हणालो, "आत या." आमच्या घरातून कुणी अडवलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहून हिंमत झाली नसावी.

सात वर्षांनी, ज्वारी काढणीला आली असताना, तो शेतात बसल्याबसल्या गेला. ना ताप, ना वैद्य. अर्ज कुणी लिहिला नाही, परवानगी कुणी मागितली नाही, आणि तरी दुपारपर्यंत त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. साखराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कपाळाकडे मला बघवेना.

तिरडी बांधून झाली. पोरं उचलायला वाकली तेव्हा केवळाबाई गर्दीतून पुढे आली आणि तिरडीच्या दांड्यावर हात ठेवून बसली.

"थांबा," ती म्हणाली. "मागच्या बारीलाबी आमी असंच रडलो. उठले हुते ते."

तिला बाजूला करायला म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. गावातला जुना, शिकलेला माणूस मीच. उन्हं उतरेपर्यंत मीही त्याच्या उजव्या कानाशी बसून राहिलो.