हवेचा डक्ट आणि पांढरे फडके

माझी नोकरी बाजार समितीत धान्याची प्रत तपासण्यात गेली. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

पत्नीला धुळीची ॲलर्जी आहे. मागच्या वर्षी सोयाबीनच्या मळणीत तिचा श्वास कोंडू लागला, तेव्हा ती सोलापूरला मुलीकडे गेली आणि तीन महिने आली नाही. खिडक्या बंद ठेवून तिच्या खोलीत गाळलेली हवा सोडता आली, तर ती इथे अणदूरला घरीच राहू शकेल, असे उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितले. मी हवा वाहून नेणारा डक्ट बसवायचे ठरवले.

मिस्त्रीने चंदेरी, वळ्यावळ्यांचा पाइप आणला. नवा कोरा आहे म्हणाला. मी आत बोट फिरवले, धूळ निघाली. वळ्यांत साचणारी धूळ पुसणार कोण, असे विचारून मी तो परत पाठवला आणि गुळगुळीत पत्र्याचा डक्ट करून घेतला. प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरली. दोन ठिकाणी धूर हलला. तिथली पट्टी पुन्हा लावायला लावली.

हवा ओढणारी जाळी त्याला उत्तरेच्या भिंतीत, छताजवळ, बाहेरच्या बाजूला हवी होती. जवळच्या महामार्गाची धूळ आत घेऊन हा मला दर आठवड्याला नवी गाळणी विकणार, असा मला संशय आला. जाळी माझ्या डोळ्यांसमोर, मधल्या खोलीत हवी, असे मी बजावले.

"काका, मग घरातलीच हवा घरात फिरंल," तो म्हणाला. मी जाळीची जागा खडूने आखून दिली.

पत्नी परतली. चार दिवस बरे गेले. रविवारी दुपारी तिला शिंकांवर शिंका आल्या आणि संध्याकाळी धाप लागली. तिने पिशवी भरायला घेतली. मी मिस्त्रीला बोलावले आणि त्याच्यादेखत तिच्या खोलीतल्या डक्टच्या तोंडात पांढरे फडके फिरवले. याची चोरी आता उघडी पडणार, असे मला वाटले.

फडके पिवळे झाले.

मधल्या खोलीत आमचे देवघर आहे. दर रविवारी मी खंडोबाला भंडारा वाहतो आणि मूठभर वर उधळतो. जाळी देवघरापासून दोन हातांवर होती. गाळणीही हळदीने भरली होती.

मिस्त्रीने फडक्याकडे पाहिले, मग माझ्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे. ते मला लागले.

जाळी उत्तरेच्या भिंतीत गेली. भंडारा मी आता पाण्यात कालवून देवाला लावतो, उधळत नाही. महामार्गाची धूळ येत असणार, असे मला अजूनही वाटते, म्हणून दर रविवारी फडके फिरवतो. पत्नी बाजेवरून पाहत असते.

"दावा फडकं," ती म्हणते. मी दाखवतो.

"आता हात दावा."

तेही दाखवतो. तिची पिशवी खुंटीला रिकामी आहे.