दाजींच्या समोरचा माईक

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच नाही. माझे दाजी आयुष्यात एकदाच मुंबईच्या मोठ्या साहेबांशी बोलले, आणि ते बोलणं साहेबांपर्यंत पोचलंच नाही. ते माझ्यामुळे पोचलं नाही. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं, कारण हेडफोन फक्त माझ्या कानाला होता.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. अंबरनाथला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पॅकिंग खात्यात होते, आणि कामगारांच्या वतीने बोलायला उभं राहायचे ते नेहमी तेच. राहायला बदलापूर. ताई चामटोलीच्या शाळेत शिकवायची, सकाळी डबा भरून दोघं दोन दिशांना निघायचे. जयंतीच्या सभेत दाजी बोलायला लागले की विहारासमोरची मुलंसुद्धा दंगा थांबवायची. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मान डोलवत राहायच्या. मी त्यांना चिडवायचो, "दाजी, तुमच्यामुळे आमच्या धंद्यावर गदा येणार." ते म्हणायचे, "मेव्हणे, तुझा भोंगा नसता तर लोकांना माझं बोलणं नीट ऐकू आलं असतं."

धंदा म्हणजे साउंडचा. अंबरनाथजवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प चारमध्ये, एका शेठच्या दुकानात मी होतो. लग्नं, साखरपुडे, सत्संग, जयंत्या. कर्णे चढवायचे, वायरी ओढायच्या आणि मांडवाच्या कोपऱ्यात आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर घेऊन बसायचं. मांडवात काम शिकलेल्या माणसाच्या हाताला एक सवय लागते. कुठून शिट्टी यायला लागली की जो बोलतोय त्याचा माईक मिक्सरवरच्या पट्टीने पटकन खाली खेचायचा, म्हणजे त्याचा आवाज बंद. कान शांत झाले की हळूच वर आणायचा. आणायला विसरलात तरी बिघडत नाही, कारण समोरचा अख्खा मांडव ओरडतो, "आवाज!" ती आरोळी हीच आमची खरी शाळा. सगळं काम मी त्या आरोळीच्या भरवशावर शिकलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दाजींच्या कंपनीने ठरवलं की मुंबईच्या ऑफिसशी मीटिंग फोनवरच करायच्या. एका टेबलाभोवती सगळे बसतील, प्रत्येकासमोर माईक, आणि मुंबईचा आवाज छतातल्या स्पीकरमधून येईल. तसलं सामान बसवणारी मुंबईची माणसं फार दिवस लावत होती. दाजींनी मॅनेजरना सांगितलं, "साहेब, माझा मेव्हणा करतो ना." मॅनेजरसाहेब सज्जन होते, पण कपाळावर आठी घेऊनच जन्मलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लग्नात साउंड लावता ना तुम्ही? इथे नवरदेव यायचा नाही."

शेठ खूश. "साईं, कंपनी का काम है, इज्जत का सवाल है," म्हणून त्याने चांगले मिक्सर, माईक आणि फोनच्या लाइनला जोडायचा डबा आणवला. टेबलाखालून वायरी नेल्या, सनमायकाला भोकं पाडली, बाकदार मानेचे माईक बसवले. दाजी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच यायचे. मी टेबलाखाली पालथा, आणि ते वरून, "मेव्हणे, जिवंत आहेस ना? ताईने बोंबलाची चटणी दिलीय, तोंड बाहेर काढ." घास हातात धरूनच ते माईक तपासून द्यायचे. सगळे 'हॅलो हॅलो' म्हणतात, दाजी म्हणायचे, "सर्व कामगार बंधूंना कळवण्यात येते की आज माझ्या बायकोने मीठ कमी घातले आहे."

पहिल्याच मीटिंगला माझी शोभा झाली. टेबलावर मधोमध जाड काच होती, भिंती गुळगुळीत. छतातून येणारा मुंबईचा आवाज टेबलावरचे माईक उचलायचे आणि परत फोनमध्ये पाठवायचे. आवाज तसाच गोल गोल फिरायला लागला आणि अशी शिट्टी वाजली की मोठ्या साहेबांनी फोन ठेवून दिला. नंतर साध्या फोनवर त्यांनी मॅनेजरना काय ऐकवलं ते मला माहीत नाही. मॅनेजर मला एवढंच म्हणाले, "पुन्हा शिट्टी वाजली तर तुमचं सामान उचला आणि चालू पडा."

दाजींनी दुसऱ्या दिवशी घरून सोलापुरी चादर आणली. काचेवर अंथरली. मॅनेजर म्हणाले, "हे काय, लॉज आहे का?" पण आवाज खरंच बसला. मग जाड पडदे लावले, माईक एकमेकांपासून लांब केले. मीटिंगा सुरळीत व्हायला लागल्या. दर मीटिंगला शेठ मलाच पाठवायचा. मी कोपऱ्यात मिक्सर घेऊन, कानाला हेडफोन. लाइनवर जे जातं आणि लाइनवरून जे येतं तेवढंच त्यात ऐकू यायचं. मुंबईच्या कप-बशा वाजलेल्या मला कळायच्या, कागद उलटलेले कळायचे. खोलीत ऑफिसर लोक असायचे, दाजी नसायचे. मला ते खटकायचं. एवढं छान सामान, आणि ज्याला बोलता येतं तोच बाहेर पोती शिवतोय.

मग बातमी आली की पॅकिंग खातं गुजरातमधल्या दुसऱ्या कारखान्यात हलवणार. माणसांनी मशीनबरोबर जायचं, नाहीतर घरी बसायचं. ताईची शाळा इथे, पोरं इथे, दाजींची आई बदलापुरात अंथरुणाला खिळलेली. त्या आठवड्यात ताईने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि दाजींनी गुपचूप खाल्लं.

दाजींनी एक मार्ग काढला होता. अंबरनाथमध्येच नवी शेड उभी राहत होती, तिथे माणसं लागणारच होती. बाहेरची नवी घेण्यापेक्षा आम्हाला घ्या, हलकं-जड कुठलंही काम द्या, एवढीच मागणी. मॅनेजर म्हणाले, "हे माझ्या हातात नाही. पण मोठे साहेब ऐकून घेतील. पुढच्या मीटिंगला तुम्हीच बोला." दाजी ती रात्र झोपले नाहीत असं ताई म्हणाली. सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट, आणि मला डोळा मारून, "मेव्हणे, आज आपला कार्यक्रम."

मीटिंग सुरू झाली. हिशेब झाले, मालाचं झालं. मग मॅनेजर म्हणाले, "सर, कामगारांचे प्रतिनिधी दोन शब्द बोलतील." दाजी माईकवर वाकले. त्यांच्या आवाजाला वाकायची गरज नव्हती, मी त्यांना तसं सांगायला हवं होतं. पहिल्याच वाक्याला हेडफोनमध्ये ती बारीक किणकिण सुरू झाली, शिट्टीच्या आधी होते ती. माझा हात आपोआप गेला. दाजींचा माईक मी खाली खेचला. किणकिण थांबली.

आणि मग मी जे केलं ते मला अजून नीट समजावता येत नाही. खोलीत दाजी बोलत होते. माईकशिवाय, मोकळ्या आवाजात, जयंतीला बोलायचे तसे, पण जास्त हळू. मला ते ऐकायचं होतं. हेडफोनमधून नाही, असं समोरून. मी एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला.

ते म्हणाले, "साहेब, आमच्यातला एक जण कामावर यायच्या आधी आईची वेणी घालून येतो. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. त्याला मी काय सांगू, आईला पोत्यात भरून ने?" कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ते म्हणाले, "नवी शेड तुमचीच, आम्हीपण तुमचेच. झाडू मारायला लावा. पण संध्याकाळी घरी जाऊ द्या." त्या आईची वेणी घालणारा माणूस ते स्वतःच होते, हे खोलीत मी आणि मॅनेजर दोघांनाच माहीत होतं. मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. चहावाला कपांचा ट्रे धरून दारात तसाच उभा. मी ऐकतच राहिलो. इतका अभिमान वाटत होता मला, की मी तिथे कशाला बसलोय तेच विसरलो.

दाजी थांबले. मी हेडफोन सारखा केला आणि मिक्सरकडे पाहिलं. त्यांचा माईक तळाला होता. लाइनवर गेलं असेल ते मॅनेजरच्या माईकमधून आलेलं लांबचं पुटपुटणं, भिंतीपलीकडचं असावं तसं.

मांडव असता तर लोक ओरडले असते. इथे कोण ओरडणार? खोलीतल्या सगळ्यांनी तर अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. आणि पलीकडे मोठ्या साहेबांना काही ऐकू आलं नसणार, पण तसं म्हणणं त्यांनाही जड गेलं असेल. कागद उलटल्याचा आवाज आला, मग छतातून, "ठीक आहे. धन्यवाद. नोट केलंय. पुढचा विषय?"

त्या क्षणी मी हात वर करू शकत होतो. "साहेब, माफ करा, आवाज गेला नाही, त्यांना परत बोलू द्या." एवढंच. फार तर मॅनेजर ओरडले असते, सामान उचलावं लागलं असतं, शेठ दोन दिवस बोलला नसता. मी मिक्सरकडे बघत बसलो आणि दाजींचा माईक हळूच वर केला. कुणी पाहिलं तर तो वर दिसावा म्हणून.

गेटबाहेर दाजींनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "कसं झालं?"

"भारी," मी म्हणालो.

"मुंबईला नीट गेलं ना?"

"एकदम स्वच्छ."

हे शेवटचे दोन शब्द मला त्या खाली राहिलेल्या माईकपेक्षा जास्त छळतात.

पंधरवड्याने बदलीचे कागद आले. दाजी रागावले नाहीत. "ऐकून तर घेतलं बिचाऱ्यांनी," ताईला म्हणाले, "मलाच पटवता आलं नाही." ते गुजरातला गेले. सुट्टी मिळेल तसे यायचे. त्यांच्या आईची वेणी ताई घालायला लागली. म्हातारी सुरुवातीला तिचा हात झटकायची. मी रोज बदलापूरला जायला लागलो. दळण, पोरांचा अभ्यास, म्हातारीची औषधं. ताई शेजारणींना सांगायची, "भाऊ असावा तर असा." मी खाली मान घालून चहा प्यायचो. म्हातारी गेली तेव्हा दाजी पोचले, पण उशिरा.

साहेबांनी ऐकलं असतं तर हो म्हणाले असते का, मला माहीत नाही. कदाचित नसतेच म्हणाले. मी स्वतःची समजूत बरीच वर्षं याच एका वाक्याने घातली. पण दाजींना नकार मिळाला नव्हता. त्यांचं कुणी ऐकलंच नव्हतं, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्याला बोलता येत नाही असं समजून दाजी त्यानंतर जयंतीला बोलायला उभे राहिले नाहीत. लोक आग्रह करायचे, ते हात जोडायचे. "आता नव्या पोरांना बोलू द्या."

दाजी आता निवृत्त आहेत, बदलापुरातच. गुडघे दुखतात, जीभ अजून तिखट. मी गेलो की म्हणतात, "या, ध्वनिसम्राट." मागच्या महिन्यात त्यांची नात शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा कागद घेऊन आली. "आजोबा, मला शिकवा ना, कसं बोलायचं." दाजी हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचार, हा माईकवाला. मला नाही गं बोलता येत. एकदा बोललो होतो, काही उपयोग झाला नाही."

ताई आतून म्हणाली, "असं काय सांगता पोरीला!" मी उठलो. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

लिहून सुटका होत नाही, हे मला कळतं. दाजी हे वाचतील न वाचतील. त्याआधी मला त्यांच्यासमोर बसून एक वाक्य सांगायचं आहे: दाजी, तुम्ही उत्तम बोलला होतात, मुंबईला ते ऐकू गेलं नाही, माईक मी बंद केला होता. ते मी अजून सांगितलेलं नाही. एवढं मी त्यांना देणं लागतो.