माती खाणारे साहेब

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. एरंडोलजवळच्या आमच्या गावात एक भूगर्भशास्त्रज्ञ महिनाभर येऊन राहिले. मी शाळामास्तर, म्हणून त्यांची सोय शाळेतच केली. गावानं त्यांचं नाव विचारलंच नाही. 'माती खाणारे साहेब' म्हणून मोकळं झालं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो होतो.

चिकणमातीवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. गिरणेचा काठ खणायचे, चिमूटभर माती पुढच्या दातांत धरून हलकेच चावायचे आणि तोंड वाकडं करून थुंकायचे. "मास्तर, कचकचली. रेती आहे." निर्मळ माती काही सापडेना.

शेजारच्या अक्कांना हे बघवत नसे. "माटी कसाले खास रे भाऊ? घरमा भाकर शे ना!" म्हणत त्या रोज भाकर-ठेचा आणून द्यायच्या. साहेब मुकाट्यानं खायचे. मी म्हटलं, "त्यांना खरं सांगून टाका ना." तर म्हणाले, "वीस वर्षांत माझ्या मातीची चौकशी पुष्कळांनी केली, मास्तर. जेवणाची कोण करतं?"

निघायच्या दिवशी अक्का पदराखाली पुरचुंडी घेऊन आल्या. साहेबांची खोड सुटणार नाही, हे त्या धरूनच चालल्या होत्या. "खानीच व्हई तं हाई खाय. मन्या सुना पोटुशी व्हत्यात तवय त्यास्नी हाईच खादी."

साहेबांनी चिमूट दातांत धरली. जराही कचकच नाही, लोण्यासारखी विरली. ते थुंकायचंच विसरले. मग बैलगाडीत ठेवलेली वळकटी त्यांनी स्वतःच खाली उतरवली.