लाल मशीन आणि खंडेनवमीचा नारळ

मनकर्णाबाईंच्या हाताला पेट्रोलचा वास येतो आणि तो जावा असं त्यांना मुळीच वाटत नाही. कनेरगाव नाक्याच्या धाब्यांमागे, शेताच्या बांधाला लागून त्यांचं घर आहे. घराला चिकटून पत्र्याचं शेड, आणि शेडात भिंतीला टांगलेली झाडं कापायची जुनी मशीनं. कुठल्या कुठल्या देशांत बनलेली, रंग उडालेली, भंगारवाल्यानंही तराजूत टाकताना नाक मुरडलेली. त्यातली बहुतेक बाईंनी पुन्हा बोलती केली आहेत.

कशासाठी, असं लोक विचारतात. बाईंचा लाकूडतोडीचा धंदा नाही, दुरुस्तीचं दुकान नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुमी पारावर पत्ते कुटता, तवा मी इचारते का, काहून म्हणून?"

सुरुवात फवारणीच्या पंपापासून झाली. नवरा रामप्रसाद गेला त्याच्या पुढच्या हंगामात, ऐन सोयाबीनमध्ये पेट्रोलवरचा पंप बंद पडला. मिस्त्री सापडेना. बाईंनी अंगणात पोतं अंथरलं, पंप उघडला, प्रत्येक स्क्रू जेवणाच्या ताटात ओळीनं मांडला आणि त्याच ओळीनं परत बसवला. पंप सुरू झाला. त्या दिवशी जे वाटलं ते बाळंतपणातसुद्धा वाटलं नव्हतं, असं त्या बिनदिक्कत सांगतात. पुढे नेमसिंग भंगारवाल्याच्या ढिगात त्यांना झाडं कापायचं एक जुनं मशीन दिसलं. आतलं इंजिन पंपासारखंच निघालं. मग काय, बाई नादाला लागल्या त्या लागल्याच.

मुलाला, बालाजीला, या नादाची लाज वाटायची. त्याचं नाक्यावर किराणा दुकान. मीठ घेता घेता गिऱ्हाईक विचारायचं, "काय शेठ, मायनं आज कोणतं झाड पाडलं?" बालाजी हसून वेळ मारून न्यायचा आणि घरी येऊन जेवणावर राग काढायचा. यंदा त्याचा धीर सुटला.

"माय, बास झालं आता. दसऱ्याला नेमसिंगचा टेम्पो येऊन राहिला. समदं भंगार उचलून नेईल."

"माह्या वस्तू इकायला तू कोन?"

"लोक हसून राहिले ना!"

"हसू दे. दात त्यांचे हायेत."

पण बालाजी हटला नाही. शेड त्याच्या नावावरच्या जागेत होतं, हे त्यानं आईला ऐकवलं. आईला ते लागलं. ज्या जागेवर स्वतःच्या हातानं पत्रे ठोकले, तिथून पोटचं पोरगं तिला कागद दाखवून उठवत होतं. बाईंनी कोपऱ्यातल्या लाल मशीनकडे बोट केलं. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत हट्टी. नेमसिंगनं देतानाच सांगितलं होतं की हे थेट भट्टीचं धन आहे.

"दसऱ्याला गावादेखत हे चालू करीन. झालं तर टेम्पो रिकामा जाईल, अन् पुन्हा या शेडाचं नाव काढायचं न्हाई. न्हाई झालं, तर मी सोता एकेक उचलून टेम्पोत ठेवते."

बालाजीनं लगेच मान डोलावली. आपण जिंकल्यातच जमा आहोत, असं त्याला वाटलं.

मग बाई त्या लाल मशीनच्या मागेच लागल्या. आतला पिस्टन गच्च धरलेला, पेट्रोलची नळी हात लावताच भुगा झालेली. दोन भागांच्या सांध्यात घालायचा कागद मिळेना, तेव्हा सून कोमलनं कपाटातून जाडजूड लग्नपत्रिका काढून दिली. बाईंनी ती कात्रीनं बरोबर कापून बसवली. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मशीन खोकलं, धूर ओकलं आणि असं काही ओरडलं की कोंबड्या छपरावर चढल्या. सासू-सुना एकमेकींचे हात धरून हसल्या. बाईंनी मशीन पुसून ठेवलं आणि निवांत झोपल्या.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड अंगणात येतं. कोयता, विळा, कुऱ्हाड, वखराची पास, मोटरसायकल. सगळं धुवायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ फोडायचा. पूजा घरच्या कर्त्या पुरुषानं करायची. आणि नवरा गेलेल्या बाईनं त्या ताटाला हात लावायचा नाही. असलं कोणी ठरवलं असेल ते असो, बाई मात्र दरवर्षी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या राहून ते गिळत आल्या होत्या. यंदाही त्या आत पुरण वाटत बसल्या. बाहेर नारळ फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

दसऱ्याला लोक आपट्याची पानं घेऊन आले आणि तिथेच थांबले. नेमसिंगचा टेम्पो दारात लागला. शेजारच्या चुलत सासूबाई, सुभद्राबाई, खाटेवर ऐसपैस बसल्या. बाईंनी पदर खोचला, मशीन पायाखाली दाबलं आणि दोरी ओढली.

काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. खांदा भरून आला, तरी ओढतच राहिल्या. मागून कोणी तरी फिदीफिदी हसलं. बालाजी दुसरीकडे बघू लागला. रिकाम्या भिंतीचं चित्र बाईंच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्या खरोखर घाबरल्या. मग त्यांना राग आला, आणि त्यांचा राग नेहमीच कामाचा असतो.

त्यांनी सगळ्यांदेखत पोतं अंथरलं, ताट मागवलं, प्लग काढला. प्लग ओला होता, पण पेट्रोलचा वास नव्हता. बोट लावून जिभेला टेकवलं. गोड! वरचं झाकण उघडलं, तर हवा गाळायच्या स्पंजावर हळदीकुंकवाचा लाल चिखल आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या.

"बाल्या, नारळ कुठं फोडला रे?"

"मशीनवरच," बालाजी म्हणाला. "बराबर मधोमध. तुही एवढी मेहनत व्हती, म्हून समद्यांत मोठा नारळ त्यालाच फोडला."

पोरगं खरं बोलत होतं. चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. मशीन काढून टाकायला निघालेल्या त्यानंच त्याची मनापासून पूजा केली होती. वाईट हेतूनं केलं असतं, तर बाईंना कडाकडा भांडता तरी आलं असतं.

"पूजा करनाराला मशीन ठाव न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् जिला मशीन ठाव हाय तिला ताटाला हात लावू देत न्हाईत. मंग नारळाचं पानी त्याच्या पोटात जानारच की!"

कोणी हसलं नाही. बाईंनी मशीन उलटं धरून दोरी ओढली, आतलं पाणी फवारलं गेलं. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर रिकामा केला, पुसला, फुंकला. स्पंज पेट्रोलमध्ये धुतला, प्लग कोरडा करून बसवला, नवं पेट्रोल-ऑईल ओतलं. घाई केली नाही. मग उठल्या आणि दोरी ओढली. मशीन खोकलं. पुढच्या ओढीला असं गरजलं की सुभद्राबाई खाटेवरून उठल्याच. अंगणात बाभळीचा वाळका ओंडका पडला होता. बाईंनी त्याची चकती लोण्यासारखी उतरवली आणि मशीन बंद केलं.

"टेम्पो रिकामाच नेतो, मावशी," नेमसिंग हात जोडून म्हणाला. बालाजीनं खाली मान घालून ती चकती उचलली आणि शेडाच्या दाराशी नेऊन ठेवली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण बाईंचं पोट भरलं नव्हतं.

"कोमल, पूजेचं ताट आन."

कोमलनं नवऱ्याकडे पाहिलं. मग पाहायचं सोडून दिलं आणि ताट आणलं. बाईंनी ऑईलनं काळं झालेलं बोट कुंकवात बुडवलं आणि मशीनच्या लांब पात्याच्या टोकाला, कार्बोरेटरपासून दूर, ठसठशीत टिळा लावला.

"हितं लावायचं. अन् दरसाल मीच लावनार."

बोटावर कुंकू उरलं होतं. ते त्यांनी पदराला पुसलं नाही. स्वतःच्या कपाळाला लावलं, काळ्यासकट.

सुभद्राबाईंनी बोलायला तोंड उघडलं. मनकर्णाबाईंनी दोरी ओढली.